नाव सांगत नाही

बारामती
ता. १२ नोव्हेंबर २०२४

चि. रंगू हिस,
दादाचा आशीर्वाद. वि. वि. भाऊबीजेला मी आलो न्हाय ते एस्टी चुकली म्हणून न्हाय, आन आजारी व्हतो म्हणूनबी न्हाय. हितं कामं असत्यात. राखणदारानं सणासुदीला दार सोडून जायाचं नसतं. उगं मनात काय आणू नगं. फोनवर तू बोलतीस तवा मला नुसता भुंगा ऐकू येतो, म्हणून लिवतोय. तूबी लिहीत जा. साक्षरतेच्या वर्गाला गेलीस ती काय शेळ्यांना वाचून दाखवाय न्हाय.

निवारा बरा हाय. बायांचा हॉल येगळा, बाप्यांचा येगळा, अठरा कॉट, एक गिझर, त्यो बंद. माझी भाड्याची खोली पाडली तवा मी हितं आलो, रजिस्टरात चौथ्या नंबरला माझं नाव हाय. आता राखण मीच करतो, म्हणून मला समितीवर घेतलंय. लाभार्थी प्रतिनिधी. मीटिंगला माझी खुर्ची दाराजवळ असती, तितनं काय ऐकू येत न्हाय. बारामतीचा निवारा आन इंदापूरचा निवारा मिळून ही समिती केलीय. समन्वय म्हणत्यात त्याला. माणूस सापडलं बारामतीत आन गाव निघालं इंदापूर तालुक्यातलं, की आमचे म्हणत्यात तिकडं पाठवा. ते म्हणत्यात, सापडलं तुमच्यात, तुमीच ठेवा. माणूस तवर बाकड्यावर बसतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी एक म्हातारी आणून सोडली. सत्तरीला आलेली. स्टँडवर पणदऱ्याची गाडी इचारत व्हती. गाडी आली की चढायची न्हाय, दुसऱ्याला इचारायची. पिशवीत करंज्या आन ओवाळायचं ताट. आमच्या रेश्मा मॅडमनी नाव इचारलं तर म्हणली, नकोशी. मॅडमच्या डोळ्यात पाणीच आलं. त्यांनी लिवलं, नाव सांगत नाही, कुटुंबाला नकोशी. मी म्हणलो, मॅडम, ते नावच हाय. आमच्या येळंला पोरीवर पोरगी झाली की ठेवायचे, म्हंजी पुढं पोरगा व्हतो. मॅडम म्हणल्या, काका, पोटच्या पोरीला असं नाव कुणी ठेवंल का. पोरगी चांगली हाय ती, पुण्याला शिकलीय. तिला काय सांगणार.

मग नवऱ्याचं नाव इचारलं. म्हातारीनं मान खाली घातली आन हसली. जुनी बाई, नवऱ्याचं नाव घेणार व्हय. मॅडमनी लिवलं, सांगण्यास नकार. आधारचं मशीन आणलं तर बोटं उठंनात, खुरप्यानं सगळ्या रेघा गेल्यात. गाव तेवढं पणदरे सांगती. जीपमधून दोघं जण पणदऱ्याला जाऊन आले, पाच मिनिटं थांबले, ओळखणारं कोण न्हाय म्हणले.

थंडी पडलीय. गुडघ्याला तेल लाव. लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे, वाढवायची घाई न्हाय.
दादा


नरसिंहपूर
ता. २० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
रंगूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुजं पत्र पोचलं. भाऊबीजेचं मी काय इचारलंच नव्हतं. तूच सांगितलंस, तवा कळलं की तुला लागलंय. मी चंद्राला ओवाळलं. त्यो बी तुज्यासारखाच, लांबनं बगतो, खाली येत न्हाय.

हितलं सांगते. आमच्या वरल्या आळीचे मानसिंग तात्या तुला आठवत असतील, संगमाच्या वाटंवर वांगी लावायचे ते. त्यांची बायको मुक्ताबाई, तिला तू कधी बगितलेलं न्हाय, भाऊबीजेच्या दिवशी सकाळनं घरातनं गेली ती आलीच न्हाय. वरीस झालं तिला इसर पडतोय. चूल पेटवायची आन काय टाकायचं ते इसरायची. तात्याच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, पोरबाळ न्हाय. ती बगायची, आन हे सांगायचे, असा दोघांचा मिळून एक संसार चालला व्हता. आता तात्या रोज दुपारी स्टॉपवर बसतात. गाडी आली की उतरणाऱ्या बायांच्या पायाकडं बगतात. तेवढंच दिसतं म्हणे, खालचं.

इंदापूरला तक्रार दिलीय. परवा मी आन आमची सून योगिनी तात्याला घेऊन इंदापूरच्या निवाऱ्यात गेलो. तितल्या माणसानं रजिस्टर बगितलं, मुक्ताबाई न्हाय. मग बारामतीची यादी कॉम्प्युटरवर बगितली. म्हणला, एक हाय पण तिला नाव न्हाय, गाव पणदरे, घरच्यांनी टाकलेली. तुमची नरसिंहपूरची, टाकलेलीबी न्हाय, मग ही न्हवं. मला तुजं पत्र आठवलं. मी तात्याला तितंच इचारलं, मुक्ताबाईचं माहेरचं नाव नकोशी व्हतं का. तात्या म्हणले, न्हाय, मुक्ताच. आन तोंड रस्त्याकडं फिरवलं. माहेर कुठलं म्हणलं, तर लांब हाय, आता तितं कोण ऱ्हायलं न्हाय म्हणले. पुढं मी काय इचारणार.

तू जेवतोस का नीट. गोठ्याशेजारची खोली रिकामी हाय. योगिनीच म्हणती, मामांना घेऊन या. बगितलंस, सून म्हणती, मी न्हाय. माया पातळ करू नगंस एवढंच मागणं.
तुजी रंगू


बारामती
ता. २८ नोव्हेंबर २०२४

चि. रंगू हिस,
आशीर्वाद. वि. वि. खोलीचं पुन्यांदा लिवू नगं. भावानं बहिणीच्या दारात चार दिवस जायाचं असतं, ऱ्हायाला न्हाय.

आता नीट वाच. मी पणदऱ्याला जाऊन आलो. जीपनं न्हाय, एस्टीनं. पाच मिनिटात गाव सापडत न्हाय, चहा प्यावा लागतो. गोजरबाई म्हणून एक नव्वदीची म्हातारी हाय, तिनं सांगितलं. बिरदेव म्हणून एक जण व्हता, त्यो मरून बारा वर्सं झाली. त्याच्या पाठीवर पोरीच झाल्या, शेवटली नकोशी, तिला भीमेकाठच्या गावाकडं दिली. सासरी नाव काय ठेवलं ते तिला ठाऊक न्हाय. म्हंजी ही बाई माहेराला निघाली व्हती, मेलेल्या भावाला ओवाळायला. आन तुजी मुक्ताबाईबी भाऊबीजेलाच गेली. तात्या काय म्हणतोय त्याच्याशी मला घेणं न्हाय. हिच्या डाव्या हाताची करंगळी आर्धीच हाय, कडबाकुट्टीत गेल्यासारखी. मुक्ताबाईची बग.

घाई एवढ्यासाठी की दहा डिसेंबरला हिला नेणार हायत. हे मी समितीत पुढं जाऊन सांगितलं, तर आमचे साहेब म्हणले, भीमेकडं दिलीय ना, मग ती इंदापूरची. इंदापूरचे साहेब म्हणले, माहेर पणदरे, सापडली बारामतीत, आमची कशी. शेवटी दोघांचं एकमत झालं की नाव न्हाय, गाव लागत न्हाय, तवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या आश्रमात पाठवायची. टाळ्या तेवढ्या वाजवायच्या ऱ्हायल्या. फोटो मागू नगं. बायांचा फोटो समितीच्या ठरावाबिगर बाहेर जात न्हाय, आन ते बरोबरबी हाय, कोण कुणाच्या मागं असतंय सांगता येत न्हाय. आन एकदा ती त्या गाडीत बसली की हुडकायची कुठं.

ती मला बिरदेव दादा म्हणती. दोन दिवस सांगितलं, मी महिपती. मग सोडून दिलं. माझी भाकरी ती मोडून देती, कडा काढून, कारण बिरदेवला दात नव्हते. मला हायत. तरी बिनकडंची खातो. तिसऱ्या दिवशी ताट घेऊन कॉटपुढं उभी ऱ्हायली. निरांजनाला तेल न्हाय, वात न्हाय, नुसतंच ताट. बसलो. आता उभ्या माणसाला किती येळ उभं ठेवणार.

लगेच लिव. लोभाचं मागाहून बगू.
दादा


नरसिंहपूर
ता. ३ डिसेंबर २०२४

ती. दादास,
नमस्कार. वि. वि. करंगळी आर्धीच. कडबाकुट्टीतच गेली, मी तवा तितं व्हते, मीच हळद दाबली व्हती. ही तीच हाय.

पत्र घेऊन तशीच तात्याकडं गेले आन वाचून दाखवलं. बिरदेवचं नाव आलं तसं तात्या खाली बसले. मग म्हणले, रंगूबाई, मी खोटं बोललो. लग्नात नाव बदलताना त्यांनी तांदळात मुक्ता म्हणून लिवलं, तवा तिनं पयल्यांदा मान वर केली म्हणे. आन सासरी आल्यावर एकच मागितलं. ते जुनं नाव ह्या गावात कुणाला कळू देऊ नका. तात्यांनी नरसिंहाची शपथ घेतली. चौपन्न वर्सं झाली. पोलिसांनी इचारलं दुसरं नाव काय, तरी न्हाय म्हणले. इंदापूरला इचारलं, न्हाय म्हणले. मी इचारलं, न्हाय म्हणले. त्यांना वाटलं, ती नरसिंहपूर सांगंल, मुक्ता सांगंल. ती ते सगळं इसरून माहेरच्या नावावर जाऊन बसंल असं कुणाला ठाऊक. मला राग आला व्हता, पर कुणावर काढणार. म्हातारा माणूस पदर नसताना तोंड झाकून रडत व्हता.

योगिनीनं तुमच्या हापिसात फोन केला. बायांची माहिती फोनवर देत न्हाईत, कागद घेऊन या म्हणले. काय कागद ते कळव.

आन एक इचारते. ताटात तेल नव्हतं तरी बसलास म्हणतोस. हितं निरांजन घासून ठेवलं व्हतं. बरं असू दे. चिडवत न्हाय. आठवण काढत जा, बस.
रंगू


बारामती
ता. ६ डिसेंबर २०२४

रंगू,
आशीर्वाद. पोस्टानं पोचणार न्हाय म्हणून कंडक्टरजवळ देतोय, त्यो माझ्या वळखीचा हाय. नऊ तारखेला अकरा वाजता समिती बसणार हाय, दोन्ही साहेब येणार. तात्याचं आधार, रेशनकार्ड आन तक्रारीचा कागद घेऊन या. तू, तात्या, योगिनी, बास. गाव गोळा करून आणू नका.

कागदावर मुक्ता हाय, आन आमच्या रजिस्टरात नावच न्हाय. दोघी एकच हायत ह्याला पुरावा काय असं साहेब इचारतोय. करंगळीचं सांगितलं, तर म्हणला, करंगळ्या लई जणींच्या जात्यात. गोजरबाईला आणता येत न्हाय, ती उठत न्हाय. बाईनं तात्याला वळखलं तर सही व्हणार, न्हाय तर दहाला गाडी हाय. तात्याला सांग, साहेबापुढं रडायचं न्हाय, येळ जातो.
दादा


नरसिंहपूर
ता. १४ डिसेंबर २०२४

ती. दादास,
रंगूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. नीट पोचलो. एस्टीत चढताना तू हातानं इचारलंस, आत तात्या काय बोलला. तू दाराजवळ बसला व्हतास, तुला काय ऐकू आलं नसंल. आन एस्टीत मला वरडून सांगवंना. म्हणून लिवते.

तात्यांनी आधी मुक्ता म्हणून हाक मारली. दोनदा. ती फॅनकडं बगत बसली. इंदापूरच्या साहेबानं लिवाय घेतलं, ओळख पटत नाही. तुमच्या साहेबानं घड्याळ बगितलं. रेश्मा मॅडम म्हणल्या, सर, एक मिनिट. तात्याला दिसत न्हाय, ते कपाटाकडं तोंड करून उभे. तिकडंच बगून त्यांनी ते नाव घेतलं. अगदी बारीक. साहेब म्हणला, काका, मोठ्यानं. मग मोठ्यानं घेतलं. खोलीत आमी धरून अकरा जण, सगळ्यांनी ऐकलं.

तिनं डोक्यावर पदर घेतला. उठली. म्हणली, एवढ्यात न्यायला आलात व्हय, चार दिवसबी झालं न्हाईत माहेराला येऊन. तुमचा साहेब इचाराय लागला, काय म्हणती, काय म्हणती. रेश्मा मॅडमनी पेन खाली ठेवला आन मग उचलून रजिस्टरातली ती ओळ खोडली. दोन्ही साहेबांनी सह्या केल्या. कुणाच्या तालुक्यातली ते कुणी काढलं न्हाय.

पुढचं तुला ठाऊकच हाय, तूच केलंस. आत गेलास आन लुगडं घेऊन आलास. हिरव्या काठाचं. खण, नारळ, वर तांदूळ. तू बाजारात गेला व्हतास, दादा. काठ निवडलास, दुकानदाराशी घासाघीस केलीस आसशील, तुला न ऐकता. ती तुज्या पाया पडली आन म्हणली, बिरदेव दादा, संक्रांतीला येते. मी तितंच उभी व्हते. अकरा वर्सं तू मला काय दिलं न्हाईस, मी मागितलं न्हाय. राग न्हाय माझा. खरं म्हंजी थोडा हाय.

मुक्ताबाई बरी हाय. येणाऱ्या जाणाऱ्याला लुगडं दाखवती, भावानं दिलं म्हणती. आळीत आता सगळ्यांना नाव कळलंय. बाया घाटावर त्या नावानं हाक मारत्यात आन ती व्हय म्हणती. तात्यालाच सोसत न्हाय, ते घरात जातात. परवा सकाळी पिशवी घेऊन स्टॉपकडं निघाली व्हती, तात्या मागनं काठी टेकत गेले आन तिच्यासंगं बसून ऱ्हायले. गाडी गेल्यावर दोघं परत आले.

आता तुजं. रेश्मा मॅडमचा योगिनीला फोन आला व्हता. आमची गाडी दोनला गेली. तू स्टँडवर दिवस मावळंपर्यंत बसला व्हतास म्हणे, जेवायलाबी आला न्हाईस, मॅडम बोलवाय आल्या तर हातानं जा म्हणलास. का बसलास रं. कुणाची वाट बगत व्हतास. मला ऐकवत न्हाय असलं. ये हितं. लोकं काय म्हणतील ते माझ्या दारात येऊन म्हणू दे. आमच्यावर लोभ ठेव, निदान त्या कंडक्टरवर ठेवतोस तेवढा.
रंगू


बारामती
ता. २३ डिसेंबर २०२४

चि. रंगू हिस,
दादाचा आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. नारळ मॅडमनी आणला व्हता. बाकी काय खोटं लिवलं न्हाईस.

समितीची परत मीटिंग झाली. फॉर्मात नवीन रकाना आलाय, माहेरचं नाव. दोन्ही निवाऱ्यात. आमच्या साहेबानं तो वर घाला म्हणलं, इंदापूरच्यानं खाली, त्यात दीड तास गेला. आता खाली हाय. अहवालात पुण्याला कळवायचं हाय की समन्वयामुळं वृद्धा घरी पोचली. मला म्हणले, काका, तुमी चार शब्द सांगा, आमी लिवून घेतो, फोटोबी काढू. मी म्हणलो, मला ऐकू येत न्हाय. दोनदा म्हणले, दोन्ही येळंला मला ऐकू आलं न्हाय.

तिच्या कॉटवर दुसरी बाई आलीय. कागदपत्र सगळी बरोबर, पैल्याच दिवशी नाव-गाव-नवरा सगळं घडाघडा सांगितलं. मॅडम खूष हायत. ती कुणाशी बोलत न्हाय, आन मला ऐकू येत न्हाय, तवा बरं जमतंय. मी भाकरी कडंसकट खातो. गिझर अजून बंदच.

मुक्ताबाईनं संक्रांतीचं काढलं तर तिला खरं सांगू नगं आन खोटंबी सांगू नगं. दादा कामात हाय म्हण. ते जित्यालाबी लागू पडतं आन मेल्यालाबी.

लुगड्याचं लिवलंस. तू सख्खी हायस. सख्खीचं ऱ्हाऊनच जातं, कायम असणारच म्हणून. संक्रांतीला कंडक्टरजवळ पाठवतो. काठ कसलाबी असंल, नावं ठेवू नगं. मी येणार न्हाय, खोलीत कडबा ठेव.

स्टँडवर का बसलो ते मी सांगणार न्हाय. परत इचारू नगं.
दादा